पाचपैकी

फोन आला तव्हा मी क्लारनेटची पत्ती
जिभेवर भिजवत बसलो होतो.
सोलापूरच्या दवाखान्यातून बोलतेय, पोरगी म्हणाली,
दिगंबर गायसमुद्रेच ना?
ऑपरेशनला नऊ वर्षं झाली, काका.
पाच प्रश्न आहेत, एक ते पाच आकडा सांगायचा.
एक म्हणजे समाधान नाही, पाच म्हणजे पूर्ण.

थांब माय, म्हणलं, घरात सून हाय.
आन लिंबाखाली आलो,
जिथं बँडचा टेम्पो धुवायला लावलेला.

पहिला : दिवसाला पॅड किती?
एक. तेबी लगनसराईतच.
वरचा सूर लांबवला की कधीमधी एखादा थेंब
आपल्याआधी टाळी घेतो.
ती हसली नाही. लिहून घेतलं असावं, एक.

त्याआधीचं तिच्या कागदात नव्हतं.
गाठ काढली, जीव वाचला,
आन नळ उघडाच राहिला.
ढोलवाल्याचं बरं, त्याला नुसते हात लागतात.
फुंकणाऱ्याचा सगळा जोर बेंबीखालून येतो.
जळकोटच्या वरातीत, नवरदेव घोड्यावर,
दोन्ही अंगाला डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बाया,
आन मधोमध माझी पांढरी पँट.

पुढच्या सुपारीला मकदूम मास्तरांनी
बावीस माणसांच्या काळ्या पँटी शिवून आणल्या.
फॅशन बदलली, म्हणाले.
पांढरं कापड आदल्याच दिवाळीत घेतलं होतं त्यांनी.
त्यावर पुन्हा एक शब्द नाही,
त्यांचा नाही, माझाबी नाही.

दुसरा : यंत्र वापरायला सोपं वाटतं का?
आता लेकीसारख्या पोरीला काय सांगावं
कुठं हात घालून दाबतो ते.
गोटीएवढं बटण, कातडीखाली.
दाबलं की वाट मोकळी, दोन-तीन मिनिटांत आपोआप मिटतं.
मुतारीत मागं रांग लागते,
पोरं म्हणतात, मामा, आलाप घेलालाव का?
चार, म्हणलं.

तिसरा : पुन्हा दुरुस्ती लागली?
लागली. सहाव्या साली.
पहिल्या वक्ताला देगलूर रोडचा प्लॉट गेला,
दुसऱ्याला जावयानं हात दिला.
त्याला हर्निया सांगितलंय, अजून तेच धरून चाललोय.
तीन लिव्ह.

चौथा : जोडीदाराचं समाधान?

चंद्रकला जाऊन चार वर्षं झाली.
नळावर बाया जमायच्या आत
पहाटं चादर पिळून आडोशाला टाकायची.
शेजारणीनं विचारलं तर म्हणायची, नातवानं केली.
नातू तव्हा नववीला होता.
पहिल्या कोरड्या सकाळी
चादरीवरून हात फिरवत बसली किती तरी वेळ,
जसं काही हरवलंय.
मग चहा ठेवला, आन साखर विसरली.
तो चहा मी काही न बोलता पिलो.
तिचा आकडा मी कसा सांगू?

लागू नाही असं टाकते, काका.
टाक, म्हणलं.

शेवटचा : एकंदरीत?

डॉक्टर म्हणलेत, दहा वर्षं धरून चाला.
म्हंजे पुढल्या साली पुन्हा सोलापूर, नाहीतर पुन्हा काळी पँट.
जोराची शिंक आली की अजून मी दोन्ही पाय जुळवतो,
गरज नसली तरी.
साडेचार, म्हणलं.
अर्धा बसत नाही, काका. चार करू का पाच?

टेम्पोचा हॉर्न वाजला. निलंग्याची सुपारी, दोन-अडीच तासांचा रस्ता.
त्या दिवसांत मी मागच्या फळकुटावर बसायचो,
वारं लागतं म्हणून, असं सांगायचो.
आज पोरांनी ढोल सरकवून मधी जागा केलेली,
ट्रंपेटवाल्या खाजाच्या मांडीला मांडी लागेल इतकी.

काका, ऐकू येतंय ना?
येतंय की.
तूच ठरीव माय. मला मधी बसायचंय.