ड्रायव्हरसह

सांगली फाट्याजवळ माझा काटा आहे, साठ टनांचा.
खिडकीत मी, बाजूला प्रिंटर,
काचेवर हातानं लिहिलेली पाटी:
क्लीनरनं उतरावं. ड्रायव्हरनं आतच बसावं.

दस्तगीर नदाफ त्या दिवशी गाडीशिवाय आला,
हायवे ओलांडून, चालत.
अकरा वर्षांत मी त्याला कमरेखाली पाहिलाच नव्हता.
माझ्यासाठी तो म्हणजे दारावर टेकलेलं कोपर
आणि वरून येणारा आवाज, "वहिनी, काढा पावती."

म्हणाला, वजन करायचंय.
कशाचं?
माझंच.

माने अण्णांनी गाड्या विकल्या, एवढं कानावर होतं.
गोकुळ शिरगावच्या कंपनीनं सातही घेतल्या,
टायर ठोकून, इंजिनाला कान लावून.
चौदा वर्षांची ही गाडीसुद्धा पास झाली.
ड्रायव्हरांना डॉक्टरच्या खोलीबाहेर रांगेत उभं केलं,
चपला काढून.
हद्द पंच्याण्णव किलोची.
त्यांचा काटा काचेचा. एकशेवीसच्या पुढं
त्याच्यावर नुसतं इंग्रजीत काहीतरी लुकलुकतं.
"आकडाबी न्हाई दिला, वहिनी.
नको म्हणताना माणसाला आकडा तरी द्यावा का न्हाई?"

तो काट्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला,
चौदा चाकी उभी राहते तिथं.
हात खिशात घालू की बाहेर ठेवू, असं त्याचं झालं.
एवढ्या लोखंडावर एकटा माणूस किती बारीक दिसतो
हे मी त्याला सांगितलं नाही.

माझ्या काट्याला दहाच्या आतलं कळत नाही.
एकशेतीस दाखवलं.
एकशेसव्वीस असेल, एकशेचौतीसही असेल.
पावती त्यानं लायसनच्या पाकिटात सरकवली.
लायसनवर गालफडं बसलेला एक पोरगा होता.
"ह्यो चढला सीटवर," तो म्हणाला, "आणि मी उतरलो."

मग चहा.
"खोटं कशाला बोलू, रात्री श्वास अडकतोय.
बायको उशाला बसून मोजती.
मागं तवंदी घाटात डुलकी लागली,
कठडा आरसा घेऊन गेला.
आरसा माझ्या पैशानं बसवला, कुणाला बोललो न्हाई.
डॉक्टर चुकला असं माझं म्हणणं न्हाई.
पण हे सगळं मी एकट्यानं खाल्लं व्हय?
माल भरायला सहा तास, उतरायला सहा,
खाली उतरून चार पावलं टाकावीत तर डिझेल जातंय.
रात्री दोनला ढाब्यावर जे उरलंय ते.
बावीस वर्षं बसून ऱ्हाईलो, वहिनी,
बसायचाच पगार व्हता."

मला काही सुचेना.
बाहेर उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता.
दस्तगीरनं पावतीचे पन्नास रुपये टेबलावर ठेवले.
मी परत केले, त्यानं पुन्हा ठेवले.

सोमवारी तीच गाडी आली, भंगार भरून.
आत साठच्या आतबाहेरचं नवं पोरगं,
सीट पार पुढं ओढलेली,
तरी पाठीमागं दोन उशा.
सीटमधला खड्डा त्याला भरत नव्हता.

तासाभरात उदगावे शेठ खिडकीवर:
सत्तर किलो माल कुठं सांडला?
मी वही उघडून दाखवली,
रिकाम्या गाडीचं वजन, ड्रायव्हरसह,
दहा हजार दोनशे चाळीस.
त्याला काही पटेना. तो लोखंडाचा माणूस,
भंगारात सत्तर किलो म्हणजे त्याचा जीव.
म्हटलं, माल उतरवून रिकामी आणा,
नव्यानं घेते.

दिवेलागणीला आणली. पोरगं आतच बसलेलं.
दहा हजार एकशेसत्तर.

वहीतला जुना आकडा मी खोडला,
एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी.
शेजारी शेठची सही घेतली.
तो म्हणाला, पहिल्यापासून चुकलंच होतं की काय तुमचं?