बर आहे का

तिसऱ्या सायकलनंतर अकराव्या दिवशी
मी कामावर गेले.
त्रिमूर्ती चौकात सहा चाळीसची कंपनी बस.
ड्रायव्हरने आरशातून एकदा पाहिलं,
मग रेडिओचा आवाज उगाच वाढवला.
माझ्या खिडकीच्या सीटवर कुणाची तरी पिशवी होती.
ती उचलली गेली. एवढंच.

अंबडच्या शेडमध्ये बावीस वर्षं
माझं एकच काम:
बुश उचलायचा, गेज घालायचा,
गो गेला पाहिजे, नो-गो अडला पाहिजे,
मग कडेवरून तर्जनी फिरवायची.
डोळ्याला न दिसणारी बर
बोटाला टोचते.

छातीतली गाठही
मला बोटानंच सापडली होती,
न्हाणीत, साबणाच्या हातानं, एका मंगळवारी.
आकडा रिपोर्टनं नंतर दिला:
तेवीस बाय अठरा मिलिमीटर.
मी विचारलं, ह्याला टॉलरन्स किती?
डॉक्टर हसल्या नाहीत.
केसपेपरवर लिहिलं: सहा सायकल, ऑपरेशन, मग बघू.
'बघू'खाली त्यांनी रेघ मारली नव्हती.
ती मी घरी येऊन मारली.

आता बोटं बधिर.
किल्ली कुलपात घालते
तर दुसऱ्याच कुणाचा हात घालतोय असं वाटतं.
मोहरीची पुडी दातांनी फोडते.
तोंडाला सतत लोखंडाची चव,
तिचं मला काही नाही,
माझ्या डब्याला पहिल्यापासून तीच होती.

सलाइनच्या खोलीत शेजारच्या खुर्चीत
येवल्याच्या मथुराबाई असतात.
मोराच्या मानेला किती तारा लागतात
हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.
परवा म्हणाल्या, "झोपली गं बाई माझी बोटं.
सुनेला मागावर बसवते, मी भिंतीला टेकून डोळे मिटते.
चुकली की ठोक्यावरून कळतं.
तिला वाटतं, म्हातारी डुलक्या काढतीये."
मी हसले, आणि तोंडातला छाला फुटला.

तर अकराव्या दिवशी
मी तर्जनी फिरवली. गुळगुळीत.
दुसरा बुश. गुळगुळीत.
तीन ट्रे पास केले.
तेवढ्यात अप्रेंटिस पोरगा, गांगुर्ड्यांचा सोपान,
एक बुश घेऊन आला, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"ताई, ह्याला जरा..."
आणि वाक्य तिथंच ठेवून गेला.

चहाच्या सुट्टीत मी उठले नाही.
कोपराच्या आत पट्टी होती,
सकाळीच रक्त दिलं होतं, पेशी मोजायला.
पट्टी ओढली. खाली कापसाचा बोळा,
मध्यभागी मसुरीएवढा डाग.
डागाची बाजू मुठीत धरली
आणि पांढरी बाजू बुशाच्या कडेवरून फिरवली.

एक तंतू अडकला.

इतका बारीक की श्वासानं हलला.
मी पुन्हा फिरवली. पुन्हा तिथंच.
मग फर्स्ट एडच्या पेटीतून अख्खा कापूस मागवला
आणि ते तिन्ही ट्रे परत उलटे केले.

चारच्या सुमाराला पाटणकर साहेब आले.
हात मागे, नजर बेंचवर.
सहा महिने घरी यायचं राहिलं
त्याचं ओझं चेहऱ्यावर.
घसा खाकरून हळूच म्हणाले,
"बरं आहे का?"
मी बुश उजेडात धरला.
"आहे. सात नगांना.
बाकी पास."

ते गेल्यावर सोपाननं सांगितलं
साहेब काय विचारत होते.
तेव्हा मला इतकं हसू आलं
की स्कार्फ सरकला, टाळू उघडी पडली,
आणि मी तो जागेवर आणायला
अजिबात घाई केली नाही.

परतताना पवननगरला उतरले.
कोथिंबिरीची जुडी वीसला म्हणाली.
मी पंधराला मागितली.
"रोजचंच आहे तुमचं," भाजीवाली करवादली,
तिनं मला ओळखलं नव्हतं,
सगळ्यांनाच ती तसं म्हणते.
तरी मी जुडी छातीशी धरून
चढण चढेपर्यंत ते वाक्य घोळवत राहिले.
दोनदा थांबले, दम लागला म्हणून.
रोजचंच आहे तुमचं.