सेकंदाला पाच

मोटरसायकल पडली होती लापुआजवळ, खंदकात.
चालवणारा वाचला, विमा कंपनीनं हात झटकले,
आणि तिच्या चार श्वासनळ्या
मी साडेतीनशे युरोला उचलल्या,
वायरिंगसकट,
आणि आपोआप वर सरकणाऱ्या नरसाळ्यांसकट.

आमचं इंजिन जुन्या व्होल्वोचं. लोखंडी, लाल, हट्टी.
त्याची तोंडं लांब लांब, हिच्या नळ्या दाटीवाटीनं;
दोन आठवडे मी ॲल्युमिनियम कापत होते.
गॅरेजबाहेर उणे बावीस,
आत बाबा, स्टुलावर, दोन्ही हात खिशात,
मापं सांगत. कधीकधी चुकीची.

बाबांना केबल हवी होती.
"पाय दाबला की तार ओढली जाते,
तार ओढली की झडप उघडते.
यात कुणाला विचारायचं काय?"
तीस वर्षं दुधाचा टँकर हाकला त्यांनी
पहाटे तीनला, कुओर्तानेच्या तळ्याकाठानं,
एकेका गोठ्याचं वळण तळपायाला पाठ.
मी म्हटलं, आता तार नाही, बाबा.
आता पाय फक्त अर्ज करतो.
पेडलमध्ये दोन सेन्सर, एकाच घटनेचे दोन साक्षीदार;
जबान्या जुळल्या तरच छोटी मोटर झडप फिरवते.
नाही जुळल्या, तर इंजिन मान खाली घालून
कसंबसं घरापर्यंत रांगतं.
"म्हणजे सरकारी कचेरी," बाबा म्हणाले.

नरसाळ्यांचंही समजवावं लागलं.
मोटरसायकलवर ती दहा हजार फेऱ्यांना उठायची,
आमचं म्हातारं सात हजारांतच धापा टाकतं.
मी आकडा खाली आणला. चार हजार आठशे.
तिथवर लांब श्वास, त्यापुढे आखूड.
उठताना टक् असा आवाज येतो.
तो बाबांना आवडला. तेवढाच.

मग लॅपटॉपवर ती रेघ.
पेडल अर्धं दाबलेलं, पाय स्थिर,
आणि रेघेला करवतीचे दात.
मी अर्थिंगची वायर नव्यानं झाळली. दात.
कनेक्टर बदलला, सेन्सर बदलला. दात.
दोन्ही साक्षीदारांचं अगदी एकमत.
मोजले: सेकंदाला पाच.
बाबा कॉफी आणायला घरात गेले,
तेव्हा मी सीटवर बसून माझा पाय ठेवला.
रेघ सरळ.

बराच वेळ मी पेडलवरून पाय काढला नाही.

केबलनं हे कधी सांगितलं नसतं.
केबल जाड असते, तेलकट,
घरातल्या जुन्या माणसासारखी
बरंच काही आतल्या आत जिरवते.

त्या रात्री मी एक गाळणी लिहिली:
सेकंदाला पाच या चालीनं जे येईल
ते इंजिनाच्या कानावर जाऊ नये.
काम दहा मिनिटांचं.
फाइलला नाव काय द्यावं, यात तास गेला.

रविवारी तळ्यावर त्यांनी सहा फेऱ्या मारल्या.
वळणावर मागची चाकं सुटली, परत आली,
टक्, नरसाळी उठली,
काठावरून शेजारच्या रैलीनं टोपी हलवली.
बाबा उतरले, दार तसंच उघडं टाकून.
"फार सभ्य झालंय इंजिन," म्हणाले.
"आधी माझं ऐकायचं.
आता माझ्याबद्दल चांगलं बोलतं."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.
दोन रेघा, एक दातेरी, एक गाळलेली.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"हा मी?"
"हो."
"बारीक आहेत की दात."
मग थोड्या वेळानं, "किती गाळलंस?"
"सगळं."
"अर्धं ठेव. वळणात मला कळायला हवं,
बर्फ हलतोय की मी."

मी थर्मासचं झाकण काठोकाठ भरून पुढे केलं.
मग वाटलं, कमी भरायला हवं होतं.
बाबांनी दोन्ही हात खिशातून काढले.