कंसातला समुद्र

लॅम्बेथ पुलापाशी, चौथा मजला,
रात्रीचे साडेअकरा. कॉफी कधीच संपली.
पडद्यावर कलम आठ
आणि त्याच्या दोन्ही अंगांना चौकोनी कंस.

ज्यावर एकमत नाही ते कंसात घालायचं,
असा इथला रिवाज.
सोमवारी कंस होते एकशे बारा.
आज शुक्रवार. उरलेत नऊ.
माझं काम एवढंच:
कंस मोजायचे,
उघडलेला प्रत्येक मिटलाय ना बघायचं
आणि मत द्यायचं नाही.

खाली थेम्स उलटी चालली आहे, समुद्राकडून शहरात.

माझे वडील दाभोळच्या बंदर कचेरीत कारकून.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ,
अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ.
मनगटावरचं घड्याळ फक्त साहेबाला दाखवायला.
इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी ताडून पाहिलं:
वर दोन तास घातले
की लंडनसुद्धा पाऊणकीत बसतं.
फोनवर सांगितलं तर म्हणाले,
"दोनच तास? एवढ्या लांबून यायचं म्हणजे
पाण्याला उशीर व्हायचाच."

आज पौर्णिमा.
पंधरा पाऊणे सव्वाअकरा, अधिक दोन.
सव्वा एकला पाणी फिरेल.
हे या खोलीत मला एकटीला माहीत आहे,
आणि कदाचित सेफिना तौफाला.

तिच्या बेटाचा सगळ्यात उंच माथा
या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याला लागेल.
टेबलाखाली तिने बूट काढून ठेवलेत.
ती म्हणते, कुणाच्याच हद्दीत नाही त्या समुद्राचा तळ
खरवडण्याआधी सगळ्यांना विचारायचं.
"विचारतील" असं लिहा.

पेल्हम म्हणतात, "विचारावे."
सगळ्यांना म्हणजे नेमकं कुणाला, असंही म्हणतात,
अगदी सभ्यपणे, चष्मा पुसत.

गावच्या गायरानाबद्दलही असंच विचारलं होतं कुणीतरी.
तिथे आता पेट्रोल पंप आहे.

बाराला अध्यक्ष ब्रेकं कोट काढतात.
साडेबाराला माणसं कॉरिडॉरमध्ये, तिघं तिघं,
फोटोकॉपी मशीनच्या आडोशाला.
मी पडद्यापुढे एकटी, आणि कलम आठ.

सात कलमं या आठवड्यात कंसातच गेली.
आमच्याकडे कंस म्हटलं की मामा आठवतो,
आणि पहाऱ्यातून, अर्ध्या रात्री,
पुराच्या नदीतून नेलेलं आठवं मूल.
पण हा श्लेष मी इथे सांगू कुणाला?
दुभाष्यांच्या सहा काचेच्या खोल्या आहेत,
त्यातल्या एकीतही तो शिरणार नाही.

एक वाजता सगळे परत येतात.
सेफिना सगळ्यात शेवटी, अनवाणी.
पेल्हम माझ्याकडे वाकून एक शब्द देतात.
मी तो टाइप करते. पडद्यावर उमटतो:
शक्यतो.

आठवा निसटला.
मुकुट नाही, बासरी नाही,
अंगावर एवढा एक शब्द.
आज्ञार्थ मागितला होता,
विध्यर्थावर भागलं,
त्यालाही आधार म्हणून क्रियाविशेषण.

टाळ्या. ब्रेकं चक्क डोळे पुसतात.
सेफिना वाकून बूट शोधते आहे.
एक सापडतो.
"काहीच नसण्यापेक्षा," ती मला म्हणते,
आणि वाक्य पुरं करत नाही.

सव्वा एक.
खिडकीतून पाहिलं तर नदी थबकलेली:
एक प्लास्टिकची बाटली पुलाखाली
कुठे जावं ठरवत नाही.
मग हळूच समुद्राकडे वळते.

पहाटे स्वच्छ प्रत काढताना
पान चौदावर एक मिटणारा कंस सापडला.
उघडणारा कुठेच नाही.
तीनदा शोधलं.
जेटीच्या टोकासारखा तो उभा,
एका बाजूला मजकूर,
एका बाजूला कोरा कागद.

माझं काम तो पुसायचं.
सहाला छपाईला जायचं आहे.
अजून पुसलेला नाही.