दोनशे ग्रॅम

बिल्डर म्हणाला, बांधून होईतो तीन वर्षं भाडं देतो,
आणि यांच्या डोक्यात पिनांग शिरलं.
टिळकनगरच्या दोन खोल्यांचं भाडं
तिकडे समुद्रावरच्या तीन खोल्यांना पुरतं,
वर आठवड्याची मासळी सुटते,
हे त्यांनी औषधाच्या बिलामागे मांडून दाखवलं.
आवडलं तर परत कशाला यायचं, असंही.

मुलगी रॉटरडॅमहून म्हणाली, मला काय,
कुठूनही तुमचा अर्धाच चेहरा दिसणार.

मला नाव जुनं होतं. एक्स्चेंजात एकतीस वर्षं
मी पिनांग, मस्कत, मोम्बासा लावून दिलं लोकांना.
"बोला, लाइनवर आहेत" म्हणायचं
आणि आपण बाजूला व्हायचं.

सोळा दिवसांसाठी गेलो, बघून यायला.
हे वजनमापे खात्यातले. अजून खिशात
दोनशे ग्रॅमचं पितळी वजन, कडा झिजू नये म्हणून रुमालात.
विमानतळावर बाहेर काढायला लावलं
तर त्या पोरीला म्हणाले, खरं आहे, तपासून घ्या.

तिथे वही केली.
इस्पितळ: चालत अकरा मिनिटं, मधे दोनदा ऊन.
जिना: कठडा आहे, उजवीकडे.
नारळ: गोड. विळी कुठे दिसली नाही.
घाम: तोच.
घरमालकीण मॅडम ओई, सत्तरीपुढची, डावा गुडघा.

मी माझ्या बाजूनं एकच विचारलं,
रात्री काही झालं तर?
तिला प्रश्न कळायला वेळ लागला.
मग तिनं सूपचा चमचा उलटा धरून
भिंतीवर तीन ठोके मारले.
पलीकडून दोन आले.

बाजारात पालकवालीच्या काट्यावर
यांनी हळूच पितळ ठेवलं. दोनशे.
उचलून पुन्हा ठेवलं. दोनशे.
ती रागावली नाही. जुडीवर दोन मिरच्या टाकल्या
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.
दुसऱ्या, तिसऱ्या, कोळंबीवाल्याच्या ओल्या काट्यावरही तेच.
हे दोन दिवस नीट जेवले नाहीत.
गॅलरीत समुद्राकडे पाठ करून म्हणाले,
कुमुद, इथे मी करायचं काय?

परतलो. वही मिटली नाही मात्र.
चेंबूर, त्यांनी नवीन पानावर लिहिलं, तारीख घातली.
इस्पितळ: सात मिनिटं. रस्ता खणलाय, म्हणून सतरा.
कठडा: होता.
हवा: वारा फिरला की रिफायनरीची.
स्थानिक लोक आपली भाषा बोलतात,
पण वाक्य संपेपर्यंत थांबत नाहीत.

मग शेवंताबाईकडे गेले. पितळ ठेवलं.
दोनशे पंचवीस.
काय भांडले! दहा माणसं जमली,
तिनं त्यांचं खातं काढलं, त्यांनी तिचं लायसन,
रिक्षावाल्यानं दोघांनाही ऐकवलं.
घरी आले ते तिच्याचकडची जुडी घेऊन,
कानशिलं लाल, चेहरा दहा वर्षांनी उतरलेला.
पंचवीस ग्रॅम खाते, म्हणाले.
वीस वर्षं खातेय, मला काय माहीत नाही?
आणि दोनदा भात मागून घेतला.

फॉर्म अजून टेबलावर आहे.
"तात्पुरता पत्ता" पुढे पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलंय,
पंख्यानं उडू नये म्हणून वर पितळ.
शनिवारी बिल्डरचा माणूस येणार.

काल रात्री हे झोपल्यावर
मी डावातला चमचा घेतला
आणि भिंतीवर तीन ठोके मारले.
पलीकडचे तेंडोलकर जानेवारीतच खोली सोडून गेले,
त्यांच्या खिडक्यांच्या चौकटीसुद्धा काढून नेल्यात,
मला ठाऊक होतं.
तरी कान लावून उभी राहिले बराच वेळ.
सवय.
लाइन लागायला वेळ लागतो.