कांडी बदलताना

जुळे सोलापूरच्या एका कॅफेची गच्ची.
रात्रीचे साडेनऊ, तरी दिवस अजून
फरशीतून चपलेला लागतोय.
लॅपटॉपखाली बर्फाची बाटली,
सेकंड क्वालिटीच्या टॉवेलात गुंडाळलेली.
तो तापला की माझा आवाज तुटतो.

शेजारी पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड,
ज्याला स्वतःचा आवाजच नाही.
अम्मा विड्या वळता वळता म्हणाली होती,
"भाता नाही, सूर नाही, मग पेटी कसली?
बोटं मोजायची पाटी."
काळी दोन दाबली की अजून अडकते.
तिच्याखाली आमच्या घरातली
तंबाखूची भुकटी आहे. मी ती काढली नाही.
अडकली की सूर लांबतो, आणि लोकांना वाटतं
मुद्दाम.

लोक म्हणजे एकवीस.
त्यातले सहा माझ्या ऑफिसातले.
एकजण टेबलापाशी आला, वाकला, म्हणाला,
"ताई, बिल इथंच द्यायचं का?"
मी मान हलवली. म्हणजे नाही.
त्याने शंभराची नोट टॉवेलाखाली सरकवलीच.

ठेका सोडला.
तो भद्रावती पेठेतला,
लक्ष्मय्या जॉबरच्या मागाचा.
फेब्रुवारीत मोबाइल खिडकीच्या गजाला बांधून
अर्धा तास उतरवून घेतला होता:
खट्टाक्, खट्, खट्टाक्,
मधे पट्ट्याचा सुस्कारा.
त्यातले चार ठोके कापले,
एकमेकांना चिकटवले.
व्होल्टेज पडलं की तो माग दमायचा,
ते दमणं पुसून टाकलं.
मिनिटाला एकशे अठ्ठावीस, ना कमी ना जास्त.
खाली जाड खर्ज घातला,
डाव्या हाताने फिल्टर उघडत नेला
तसतसा माग गच्चीवर
मोठा, आणखी मोठा होत गेला.

लक्ष्मय्या आले होते. मीच बोलावलं होतं.
पांढरा शर्ट, एका बाहीला इस्त्री राहिलेली.
चाळीस वर्षांच्या खडखडाटाने कान गेलेत,
म्हणून स्पीकरला तळहात लावून उभे होते,
ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

सात मिनिटं.
मग हात काढला, माझ्याकडे आले,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं,
"हा माग कोणाचा?"
तुमचाच, मी म्हणाले. ऐकू गेलं नाही.
त्यांच्याकडे बोट दाखवलं.
"माझा नव्हे. एवढ्या वेळात धागा तुटला नाही,
कांडीपण संपली नाही.
एम्मा, कापड विणतोय
का नुसताच हलतोय?"

मागच्या टेबलावरचे हसले.
माझं बोट काळी दोनवर होतं.
ती अडकली.

सूर लांबत राहिला
आणि मी त्याच्या खालून ठेका काढून घेतला.
मग सूरही.
पडद्यावरची रेघ रिकाम्या घरांतून सरकत होती.
कोणी म्हणालं, हँग झाला.
कोणी म्हणालं, लाइट गेली, आणि दिव्यांकडे बघून गप्प झालं.
मी मनात म्हणत होते:
धोटा बाहेर. जुनी कांडी काढ. नवी बसव.
ओठ लावून धागा भोकातून ओढ.
दोन टोकं, एक गाठ, दाताने शेपूट तोड.
नायना हे दिवसातून दीडशे वेळा करायचे.
मी त्यांच्या पाठीकडे बघत पाढे पाठ केलेत.

नऊ सेकंद. मला फार वाटले.
लक्ष्मय्यांचा तळहात परत स्पीकरवर गेला,
गप्प स्पीकरवर.
आणि मी पट्टी दाबायच्या आधीच
त्यांच्या दुसऱ्या हाताने
हवेतलं हँडल ओढलं.

मग सोडला.
पहिला ठोका जरा उशिरा पडला,
मागाचा पडतो तसा.

नंतर आवराआवरीत टॉवेल पिळला,
भिजलेली नोट सापडली, ती काउंटरवर दिली.
लक्ष्मय्या जिन्यात माझ्यासाठी थांबले होते.
म्हणाले, गाठ जाड आली.
मग दोन पायऱ्या उतरून,
होईल सवयीने.