पाचवी शाई

तीन तिरपे पट्टे होते त्या वेष्टनावर,
सार्डिनच्या डब्याभोवती गुंडाळायच्या पातळ कागदावर,
आणि मधला नारिंगी.
नारिंगी म्हणजे, कसं सांगू,
मातोझिन्युशच्या धक्क्यावर बोयांना जो रंग फासतात
त्याला जरा तिखट लागलेलं.

मी तेव्हा अदेरितूच्या हाताखाली रूळ पुसायची,
एकोणीस वर्षांची, नखांत कायम काळं.

दोना ग्रॅसिंदा आल्या. छत्री न मिटताच म्हणाल्या,
या खेपेला पाचवी शाई नको.
तिचा डबा वेगळा, तिची प्लेट वेगळी, धुलाई वेगळी,
बिलात ओळसुद्धा वेगळी.
चारांत बसवा.
जगातले सगळे फोटो बसतात चारांत,
माझा एक पट्टा बसणार नाही?

अदेरितूने छत्रीखाली साचलेलं पाणी बघितलं
आणि मला फडकं आणायला सांगितलं.

सायन शून्य. काळा शून्य. पिवळा शंभर.
राहता राहिला मॅजेंटा, त्याच्यापायी रात्र गेली.
पंचावन्नला गाजर.
सत्तरला टोमॅटो.
बासष्टला असं काहीतरी
की आजारी माणसाला आपण म्हणतो ना,
आज बरे दिसता,
तसं.
यंत्राने आकडा दिला, फरक साडेसहा.
भिंग लावलं तर नारिंगी कुठेच नव्हतं:
पिवळ्या जमिनीवर तांबडे ठिपके,
गोवर उठावा तसे, पण रांगेत.
ती जुनी शाई डब्यातूनच नारिंगी निघायची,
तिला कुणाशी जुळवून घ्यावं लागत नव्हतं.

पहाटे त्याने नमुन्यांचा पंखा उघडला.
पंखा अकरा वर्षांचा, खिडकीशी टांगलेला.
त्यातलं नारिंगी पिवळं पडलं होतं,
आणि पट्टीच्या ज्या टोकाला अंगठा लागतो
तिथे तर वेगळंच.
मग कपाटातून शाईचा तळ काढला.
वर साय धरलेली. सुरीने ती फाडली,
आत ओलं होतं अजून,
मी बोटाने कागदावर ओढलं.

एक वेष्टनावरचं, एक पंख्यातलं, एक माझ्या बोटाचं.
तीन भावंडं, आणि एकाचंही तोंड दुसऱ्यासारखं नाही.

सकाळी दोना ग्रॅसिंदांनी तिन्ही पाहिली.
यातलं खरं कुठलं? त्यांनी विचारलं.
अदेरितू म्हणाला, तुमच्या वडिलांनी
पहिला डबा विकला त्या दिवशीचं.
ते आहे का तुमच्याकडे?

त्या ताव घेऊन रस्त्यावर गेल्या.
पलीकडे मासळीबाजारातला पिवळा दिवा भर दिवसा जळत होता,
त्याच्याखाली धरून बघितला, डबा शेजारी.
तिथे सगळंच सारखं दिसत होतं,
मासे, बर्फ, बायकांचे एप्रन, ताव, डबा.
परत येऊन त्यांनी बासष्टवर सही केली,
पेन्सिलीने, मागच्या बाजूला.

चाळीस हजार वेष्टनं गेली.
दुकानदारांनी हूं की चूं केलं नाही,
साडेसहा कुणाला दिसले नाहीत.

मार्चमध्ये एक पत्र आलं, ब्रागांसाहून,
डोंगरातल्या कुठल्याशा गावातून.
थरथरत्या अक्षरात कुणी दोना ऑलिंपिया:
"बावीस वर्षं मी तुमच्याच सार्डिन खाते.
या वर्षी तुम्ही मिरची कमी केलीत.
का?"

कारखान्याने मिरची तोलून पाहिली. होती तितकीच होती.
दोना ग्रॅसिंदांनी पत्र आमच्याकडे धाडलं, सोबत चिठ्ठी नाही.
अदेरितूने ते दोनदा वाचलं,
तपासणीच्या पांढऱ्या दिव्याखाली ठेवलं,
चष्मा पुसला,
आणि मला म्हणाला, तो तळाचा डबा,
फेकलास का गं?
फेकला नव्हता.
झाकण घट्ट बसलं होतं, हातोडी लागली.